गौरींना घर दाखवताना

शनिवार, २२ ऑगस्ट १९९२. मिल्टन कीन्स

अजय सकाळी ईलिंगला घ्यायला आला. पूर्ण मोटरवेभर मागच्या सीटवर डबा खुळखुळत होता. आत गौरींचे मुखवटे. जुन्या साड्यांत गुंडाळले होते, पण पितळ ते पितळच. या गावात शिरल्यावर तर कहर झाला. एक राउंडअबाउट संपलं की दुसरं, आणि प्रत्येक वळणाला दोघी एकमेकींवर आपटणार.

"आई, त्या फाइट करतायत का?" अजयनं विचारलं.

"बहिणी आहेत. भांडणारच," मी म्हटलं. तो हसला, पण थोडं उशिरा हसला.

दोन आठवडे राहायचं आहे. "तू जस्ट रिलॅक्स करायचा, काही काम करायचा नाही," असं त्यानं मला फोनवरही सांगितलं आणि गाडीतही. इथेच जन्मलेला मुलगा, त्याचं मराठी हे असं. पण बोलतो, हेच पुष्कळ. माझ्या मैत्रिणीची, सुप्रभाची मुलं तर तेवढंही बोलत नाहीत.

दारात उल्का आणि मंजिरी उभ्या होत्या. उल्कानं वाकून नमस्कार केला. वाळली आहे. हिवाळाभर मी पुण्याला बहिणीच्या आजारपणात होते. मेमध्ये परत आले, तेव्हापासून अजय एकटाच भेटून जायचा. उल्काला म्हणे ऑफिसचं काम. त्यामुळे सुनेला जवळजवळ वर्षानं पाहिलं. मंजिरी सात वर्षांची झाली आणि बापावर गेली. घर इतकं आवरलेलं होतं की आपण हॉटेलात आलो असं वाटलं. तशी हौस मला नाही, पण ठीक आहे.

माझं इथे येण्याचं खरं कारण विश्रांती नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे. यंदा गौरी इथे बसवायच्या. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ईलिंगला सुप्रभाच गौरी घरात आणायची. मी मागे उभी राहून घंटा वाजवायची. उल्काला दर वर्षी सुट्टी मिळेलच असं नसे, आणि सुप्रभा तर आमच्याच रस्त्यावर. पण फेब्रुवारीत तिचे हरीशराव गेले. आता आम्ही दोघीही मागे उभ्या राहणाऱ्या. म्हणून यंदा गौरी सुनेच्या हातानं आणायच्या आणि तिच्याच हवाली करायच्या. सासूबाईंनी मला दिल्या, मी उल्काला देणार. एवढं झालं की मी सुटले.


सोमवार, २४ ऑगस्ट

इथे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सकाळी सगळ्या घरांतून गाड्या बाहेर पडतात, संध्याकाळी परत येतात, मधला वेळ कोणी झाकण लावल्यासारखा. पायी चालणाऱ्यांसाठी तांबड्या डांबराचे वेगळे रस्ते आहेत, पण त्यांवर चालणारी मी एकटीच. अर्धा तास चालले तर एक पोस्टमन भेटला. तोही सायकलवर.

घरात मात्र आनंद आहे. अजयनं सुट्टी घेतली आहे, उल्कानंही. आणि माझा मुलगा स्वयंपाकघरात काम करतो! आज उल्का लाटणं शोधत होती. तीन ड्रॉवर उघडले तिनं. अजय बाहेरून आला, चौथा उघडला आणि तिच्या हातात दिलं. "थँक्स," ती म्हणाली. "नो प्रॉब्लेम," तो म्हणाला. याच्या वडिलांना घरात साखर कुठे असते ते ठाऊक नव्हतं. रात्रपाळी करून आले की पुढ्यातला चहा प्यायचे आणि झोपायचे. चहात साखर घालायची राहिली तरी तसाच प्यायचे, बोलायचे नाहीत. काळ बदलला, बरा बदलला.

दोघं भांडत नाहीत हे सगळ्यांत बरं. 'प्लीज' आणि 'सॉरी' सारखं चालू असतं. फ्रिज उघडायच्या आधी उल्का विचारते, "दूध घेऊ का?" मी म्हटलं, अगं, तुझाच फ्रिज. तर ओशाळली. हल्लीच्या मुली आम्ही समजतो तितक्या उद्धट नाहीत.


बुधवार, २६ ऑगस्ट

दिवसभर रिपरिप. दुपारी जरा थांबली तेव्हा उल्का कपडे वाळत घालत होती आणि मी खुर्ची टाकून बसले होते. शेजारची जॉइस कुंपणावरून डोकावली. "लव्हली टू सी यू बॅक, डिअर," म्हणाली उल्काला. उल्का लालबुंद झाली. बाई वयस्कर आहे, गोंधळली असेल. सकाळी सुपरमार्केटात जाऊन आली, त्यात काय एवढं लव्हली?

शेडच्या मागे एक मोठा लाकडी खांब आणि पाटी पालथी पडलेली आहे. मी उलटवून पाहिली. 'फॉर सेल'. आधीच्या मालकाची असणार. लाकूड चांगलं आहे, शेल्फ करता येईल, असं अजयला सुचवलं. तो हो म्हणाला.

समोरच्या वळणावर एक लाल गाडी दिवसच्या दिवस उभी आहे. टपावर पानांचा थर. कोणाची आहे कोणास ठाऊक. माणसं गाड्या घेतात आणि विसरून जातात.

आज एक गोष्ट मनात आली, ती इथेच लिहिते, बोलणार नाही. उल्का मंजिरीच्या खोलीत झोपते. "मंजिरीला वाईट स्वप्नं पडतात," म्हणाली. जेवण नीट नाही. सकाळी डोळे सुजलेले. जड पिशवी उचलायला लागली की अजय पुढे होऊन घेतो, आणि दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, जशी काही लाज वाटते. मी काही काल जन्मले नाही. तीन महिने पुरे होईपर्यंत सांगत नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून विचारलं नाही. पण संध्याकाळी शॉपिंग सेंटरला गेलो तेव्हा हळूच पांढरी लोकर घेतली. "स्वेटर?" अजयनं विचारलं. म्हटलं, बघू काय होतं ते.


शुक्रवार, २८ ऑगस्ट

विलन लेकला सहल. वारा एवढा होता की सँडविचचे कागद उडून बदकांकडे गेले. मी फोटो काढला. अजय एका टोकाला, उल्का दुसऱ्या टोकाला, मध्ये मंजिरी. म्हटलं, जरा जवळ सरका, तिघं मावत नाहीत चौकटीत. सरकले. पण फोटो कसा आला असेल देव जाणे.

मंजिरी गुणी आहे, पण फार गप्प. शाळेत कोण मैत्रीण आहे विचारलं तर आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे, आणि मग म्हणाली, "पुष्कळ आहे." इंग्रजी शाळांत मुलांना घरचं बोलायला शिकवत नाहीत. उत्तर द्यायला पण परवानगी घेतात.

टोपडं अर्धं झालं. बॅगेत साडीखाली ठेवते.


सोमवार, ३१ ऑगस्ट

आज बँक हॉलिडे. पुण्यात आज घरोघर गणपती आले असतील. आमच्याकडे पूर्वापार गणपती नसतो, फक्त गौरी. गुरुवारी आणायच्या.

पाऊस होता, म्हणून मंजिरीला घेऊन मुखवटे घासायला बसले. चिंच लावून घासले की पितळ कसं हसायला लागतं, ते तिला दाखवलं. तिनं विचारलं, गौरी येते म्हणजे काय करते? मग सांगितलं की त्या दोघी तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. आणणारीनं त्यांना हातात घेऊन सगळं घर दाखवायचं. मागून मी विचारायचं, "इथे काय आहे?" तिनं सांगायचं. स्वयंपाकघरात, "इथे दूधदुभतं आहे." फडताळाशी, "इथे धान्य आहे." मुलांच्या खोलीशी, "इथे लेकरं आहेत." नवराबायकोच्या खोलीशी, "इथे जोडा सुखानं नांदतो." मग त्या बसतात.

"आणि नसेल तर?" मंजिरी.

"काय नसेल तर?"

"धान्य."

तेव्हा तिला सासूबाईंचा नियम सांगितला. गौरी हातात असताना खोटं बोलायचं नाही. कोठी रिकामी असेल तर रिकामी म्हणायचं. रिकामी म्हटली तरच तिला भरायची आठवण राहते. तुझे आजोबा गेले त्या वर्षी सुप्रभाआजी आमच्या खोलीच्या दाराशी "रिकामी आहे" म्हणाली होती, माझ्यासमोर. मला राग आला होता तेव्हा, पण नियम म्हणजे नियम.

"मग भरला का ती खोली?"

"नाही गं. धान्याचं तिला जमतं. माणसांचं जमत नाही बहुतेक."

उल्का सिंकपाशी भांडी धूत होती. नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज थांबलेला.

संध्याकाळी सुप्रभाचा फोन आला. गौरीच्या आठवणीनं रडली. तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, माझी सून खंबीर आहे. फोन वाजला तेव्हा उल्का शेजारीच बसली होती, पण तिनं उचलला नाही. अजयला वरून पळत यावं लागलं. विश्रांती कोणाला द्यायची चालली आहे इथे, मला की तिला? दिली तर दिली. तिला हवीच आहे सध्या.


बुधवार, २ सप्टेंबर

सगळी तयारी झाली. हॉलमध्ये दोन उंच स्टुलं, त्यांवर डबे, डब्यांना साड्या नेसवल्या. धाकटीच्या निऱ्या मला जमत नव्हत्या, त्या उल्कानं काढल्या. काय सुंदर हात चालतो तिचा. दारापासून हॉलपर्यंत आणि जिन्यावरून वरपर्यंत कुंकवाची पावलं काढायची, तर कार्पेट. मग कागदावर काढून कापली. मंजिरीनं चिकटवली.

दुपारी उल्का चहा घेऊन माझ्या खोलीत आली. कधी नव्हे ते पलंगावर बसली.

"आई, मीच आणायला हव्यात का? मंजिरी आणेल. कुमारिका चालते ना?"

"चालते. पण पितळ आहे ते, तिच्या हातात पेलायचं नाही. आणि तुला द्यायच्या म्हणून तर आणल्यात इथवर."

"मला द्यायच्या?"

"मग कोणाला? जॉइसला?"

ती हसली नाही. चहाच्या कपाकडे बघत राहिली. मला वाटलं आता सांगेल ती गोड बातमी. मी वाट पाहिली. तिनं फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि उठून गेली. ओझं उचलायची भीती वाटत असेल बिचारीला. उद्या ताट जड होऊ द्यायचं नाही, फुलं कमी ठेवीन.

मनात एक शंका येते, तीही लिहून टाकते. मी यांच्याकडे कायमची राहायला येणार असं तर या दोघांना वाटत नसेल? म्हणून हे सगळं इतकं सांभाळून? तसं असेल तर शुक्रवारी जेवताना स्पष्ट सांगेन. या शांततेत मी पंधरा दिवसांच्या वर जगायची नाही.


गुरुवार, ३ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते.

उल्कानं माझी मोतिया पैठणी नेसली होती. दारात तिच्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन्ही मुखवटे ताटात घेऊन ती आत आली. मी मागे घंटा घेऊन, अजय आणि मंजिरी माझ्या मागे.

"गौरी आल्या?"

"आल्या."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

स्वयंपाकघरात दूधदुभतं सांगून झालं, फडताळाशी धान्य. आवाज खणखणीत होता तिचा. मला इतकं भरून आलं की घंटा वाजवायची राहिली. जिना चढलो. मंजिरीच्या खोलीशी म्हणाली, "इथे लेकरू आहे." मग अजय पुढे झाला आणि म्हणाला, "आई, इनफ. आता खाली जाऊ या." मी म्हटलं, अरे, एक खोली राहिली. त्यांच्या खोलीचं दार पहिल्या दिवसापासून बंद असायचं. मुलासुनेच्या खोलीत आपण कशाला डोकवावं, म्हणून मी कधी पाहिलीच नव्हती. आज मीच हात लांब करून दार ढकललं.

"इथे काय आहे?"

उल्कानं ताट छातीशी घेतलं.

मला वाटलं विसरली. मागून हळूच सांगितलं, "जोडा सुखानं."

ती ताट धरून तशीच उभी. मग म्हणाली, "इथे रिकामं आहे, आई."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. एवढा मोठा पलंग आणि एक उशी. कपाटाचं दार उघडं होतं. एका बाजूला अजयचे शर्ट, दुसऱ्या बाजूला नुसते हँगर. ड्रेसिंग टेबलावर इस्त्री.

अजय जिन्याच्या पायरीवर खाली बसला. "आम्ही सांगणार होतो. गौरी झाल्यावर. जानेवारीपासून, आई. उल्का बेसिंगस्टोकला राहते. तिचा जॉब तिकडे, मंजिरीचा स्कूल पण तिकडे."

"मग हे पंधरा दिवस?"

"मीच सुचवलं होतं," उल्का म्हणाली. "तुम्ही पुण्याहून थकून आला होता. यंदा गौरी आणायला दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, एवढं नीट करू. पण मला नाही जमलं, आई. यांना हातात घेऊन नाही जमलं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मंजिरी कागदाच्या पावलावर उभी होती, ते मात्र आठवतं. थोड्या वेळानं उल्का म्हणाली, "आई, ताट जड झालंय. कुठे ठेवू?"

घरात आणलेल्या गौरी अशा परत पाठवता येत नाहीत. म्हटलं, चल खाली. खाली गेलो आणि बसवल्या. आरतीही केली.


शुक्रवार, ४ सप्टेंबर

पूजेचा दिवस. पुरणपोळी, सोळा भाज्यांची एक भाजी, कटाची आमटी, सगळं केलं. उल्का आणि मी सकाळपासून शेजारी शेजारी उभ्या होतो. तिला लाटणं कुठे आहे ते आता माहीत झालंय.

मला फार राग आला आहे. आधी वाटलं उल्काचा, मग अजयचा. पण जास्त राग येतो तो याचा की मी पंधरा दिवस खूश होते. लाल गाडी तिचीच आहे. जॉइसला माहीत, त्या पोस्टमनलाही माहीत असेल. मी मात्र शेल्फ करा म्हणत होते.

पुरण वाटताना तिला विचारलं, "कोणाचं चुकलं?"

"कोणाचं नाही."

"मारलं? दुसरी कोणी आहे?"

"नाही हो, आई. तुमचा मुलगा चांगला आहे." मग म्हणाली, "भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण संपतं तरी. आमच्यात आवाजच नव्हता. सकाळी थँक्यू, संध्याकाळी सॉरी. मी एकदा मुद्दाम बशी फोडली, तर यानं येऊन शांतपणे गोळा केली."

संध्याकाळी अजय बागेत एकटा उभा होता. त्याच्याकडे गेले. म्हटलं, अरे, बोलायचं होतंस तिच्याशी. रागावायचं होतंस.

"कसा, आई?" तो म्हणाला. "आपल्या घरात कोणी कधी बोलला? तू आणि बाबा. मला वाटायचा, घर असाच असतो. क्वायट."

तो काय म्हणत होता ते मला नीट कळलं नाही. यांचं आणि माझं तीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, हे खरं आहे. सगळ्या ईलिंगला माहीत आहे ते. त्यांच्या ड्यूट्या अशा की कित्येक आठवडे आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या ठेवायचो. त्या चिठ्ठ्यांतसुद्धा कधी वाकडा शब्द नव्हता.

टोपडं उसवलं. मोठं काम नव्हतं, एक टोक ओढलं की सगळं येतं.


शनिवार, ५ सप्टेंबर

दहीभाताचा नैवेद्य दाखवला. उल्कानं मुखवटे जागेवर हलवले, साड्या उतरवल्या. आम्ही दोघींनी घड्या घातल्या. डबा मी तिच्यापुढे सरकवला.

"घेऊन जा. तुझ्यासाठीच आणल्या होत्या."

"नाही, आई. मी या घरची राहिले नाही. वकिलाचे कागद झालेत. या तुमच्या घरच्या आहेत."

"घर कुठे आहे आता?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मला ती हट्टी वाटत होती, पण तसं नव्हे. ती नियमानं वागत होती. मीच शिकवलेल्या नियमानं.

मुलगी माहेराहून निघाली की तिची ओटी भरतात. आणलेल्या गौरी तीन दिवसांनी निघतात तेव्हाही भरतात. हे गेल्यापासून मी कोणाची ओटी भरली नाही. नऊ वर्षं सुप्रभानं आमच्या गौरी आणल्या, पण गौरींबरोबर तिची ओटी भरायला शेजारच्या अलकाला बोलवावं लागायचं. मी तिला तबक नेऊन द्यायची आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. इथे या रस्त्यावर कोणाला बोलवणार? कोणाला बोलवायचं माझ्या मनातही आलं नाही, हे जास्त खरं.

मंजिरी गाडीत बसली होती, लाल गाडीत. अजय टपावरची पानं हातानं काढत होता. उल्का पर्स घ्यायला आत आली. जीन्स, वर निळं स्वेटर. मी देवापुढचा नारळ घेतला, तांदूळ घेतले, पैठणीवर घालायला आणलेलं नवं खणाचं कापड घेतलं, आणि म्हटलं, "उभी राहा."

तिला लगेच कळलं. पुण्याची मुलगी आहे. "आई, तुम्ही? तुम्ही भरायची नाही ना?"

"काय होईल? माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय. तुझंही."

तिला पदर नव्हता. तिनं स्वेटरचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून पसरलं. मी हळदकुंकू लावलं. कुंकू भुवईपर्यंत गेलं. तांदूळ घातले ते निम्मे कार्पेटवर सांडले, कागदाच्या पावलांवर. ती मोठ्यानं रडली. पंधरा दिवसांत या घरात झालेला पहिला मोठा आवाज. अजय दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, गेलाही नाही.

"माहेर म्हणून ये," मी म्हटलं. "ईलिंगला. सून म्हणून नको."

ती हो म्हणाली नाही. मान हलवली, पण कशी हलवली ते मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसलं नाही.

गाडी वळणावरून गेली. अजयनं व्हॅक्यूम क्लीनर आणला. मी म्हटलं, राहू दे आज. तर तो बंद व्हॅक्यूम तसाच धरून तिथे बसला, आणि मी त्याच्याजवळ बसले. बोलावं असं दोघांनाही वाटत होतं. सुरुवात कशी करतात ते आम्हाला माहीत नव्हतं.


सोमवार, ७ सप्टेंबर. ईलिंग

अजयनं काल सोडलं. डबा या वेळी वाजला नाही. मुखवट्यांच्या मधे मी ती पांढरी लोकर भरली होती. वाजला असता तर बरं वाटलं असतं.

तो निघताना म्हणाला, "पुढच्या वीकएंडला येतो." म्हटलं, ये, आणि येताना काहीतरी तक्रार घेऊन ये. माझी असली तरी चालेल. त्याला कळलं की नाही कोण जाणे.

आज सुप्रभा आली. तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, मग डब्याकडे बघून म्हणाली, "आता पुढच्या वर्षी कोण आणणार गं, मधू?"

उल्का आली तर ती आणेल. नाही आली तर? हे मी सगळ्या वाटेवर घोकत आले होते.

"थोरली तू आण, धाकटी मी आणते," मी म्हटलं.

"आपण?" ती डब्यापासून मागे सरली. "आपल्याला चालतं का?"

"विचारायचं कोणाला? सासूबाई नाहीत."

"अगं, पण घर दाखवावं लागेल. या घरात तू एकटी. वरच्या तीन खोल्या बंद. दाखवणार काय त्यांना?"

"दारं उघडायची," मी म्हटलं. "आणि प्रत्येक दाराशी जे आहे ते सांगायचं."

ती गेल्यावर मी वर गेले. आमच्या खोलीचं दार उघडलं. घंटा नव्हती, गौरी नव्हत्या, विचारणारंही कोणी नव्हतं. तरी "इथे रिकामं आहे" असं म्हणून बघितलं, मोठ्यानं. आवाज नीट निघाला नाही पहिल्यांदा. म्हणून पुन्हा म्हटलं.